थांबा हं, जोडते

आपल्याच आवाजाशी भांडायची वेळ कुणावर येऊ नये. जोडताईंवर आली, आणि ती त्यांनी हौसेनं ओढवून घेतली होती, म्हणून तर त्यांचा जास्त संताप व्हायचा. दुसऱ्यानं खड्डा खणला तर त्याला शिव्या तरी घालता येतात. स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडल्यावर माणसानं कुणाकडे बघायचं?

जोडताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्या एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोन लागला की पलीकडून "बोला" असा आवाज यायचा, आणि काय हवं ते सांगितलं की, "थांबा हं, जोडते." एवढंच. पण हे इतक्या लोकांनी इतक्यांदा ऐकलं होतं की बाईंना तेच नाव पडलं. बसमध्ये त्यांनी नुसतं "जरा पुढे सरका हो" म्हटलं तरी चार माना वळायच्या. कुणीतरी विचारायचंच, "अहो, तुम्ही जोडताई ना?"

आता फोन जोडण्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. जोडताईंचा एक नेम होता. "जोडते" म्हटलं की जोडायचंच. पलीकडे माणसाचा आवाज ऐकू येईपर्यंत त्या लाइन सोडायच्या नाहीत. वॉर्डातला फोन आठ वेळा वाजूनही कुणी उचलला नाही, की इकडे परत येऊन सांगायच्या, "आहे मी हं, धरून ठेवा," आणि तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर शेजारचा वॉर्ड: "अगं, पलीकडच्या सिस्टर चहाला गेल्यात का? जरा हाक मार त्यांना." तेही जमलं नाही तर फाटकावरच्या वॉचमनला पळवायच्या. कोणती सिस्टर किती वाजता जेवते, कोणते डॉक्टर फोन वाजला की मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन बसतात, हे सगळं त्यांच्या एका लांबोळक्या वहीत लिहिलेलं असायचं. वॉचमन कुरकुरायचा, डॉक्टर दातओठ खायचे. जोडताईंचं उत्तर ठरलेलं. "मी त्या माणसाला थांबा म्हणालेय. तो माझ्या शब्दावर थांबलाय."

घरची तऱ्हा वेगळी. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत, आणि त्यांचा एक कान ठार गेलेला, दुसरा अर्धा. दिवसभर लोकांशी मऊ आवाजात बोलून आलेली बाई घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ओरडून म्हणायची. घड्याळजी म्हणायचे, "सगळ्या शहराला तुझा आवाज गोड लागतो म्हणतात. माझ्या वाट्याला नुसती बोंब आली."

निवृत्तीला महिना उरला तेव्हा मोठ्या साहेबांनी जोडताईंना बोलावलं. हे मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणारे. डॉक्टर नव्हेत, पण डॉक्टरांपेक्षा त्यांच्या खोलीतला गालिचा जाड. त्यांनी जोडताईंना बसायला सांगितलं. एकतीस वर्षांत त्या खोलीत बसायला सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. साहेब म्हणाले, आता मशीन येणार, एक दाबा, दोन दाबा. तुमच्या जागी नवं माणूस घ्यायचं नाही असं वरून ठरलंय. "पण लोकांना तुमच्या आवाजाची सवय आहे. तो आवाज आम्हाला हवा. तुम्ही गेलात तरी तुम्ही इथेच असाल."

जोडताई हुरळल्या. खोटं कशाला सांगायचं. जी बाई फोनवर कुणाचं आडनावसुद्धा दोनदा विचारून खात्री करायची, तिनं तीन पानी कागदावर न वाचता सही ठोकली.

आवाज भरून घ्यायला चाळिशी उलटलेला एक टकला गृहस्थ आला. कानावर सतत हेडफोन, म्हणून जोडताईंनी त्याचं नाव हेडफोनवाला ठेवलं. तो तासाभरात एखादाच शब्द बोलायचा. तीन दिवस त्यानं त्यांच्याकडून एकशे बारा वाक्यं म्हणवून घेतली. कॅज्युअल्टीसाठी एक दाबा, बाह्यरुग्ण विभागासाठी दोन दाबा, असं करत तक्रारीसाठी सहा दाबा आणि पुढे आणखी काय काय. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "आता तुमचं ते नेहमीचं म्हणा."

"ते कागदावर नाहीये."

"असू दे. छान येईल."

जोडताईंनी ते म्हटलं. नेहमी म्हणायच्या तसंच, किंचित हसून, 'हं'वर जरा टेकून. हेडफोनवाल्यानं मान डोलावली. झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. भाची, नणंद, जुन्या वॉर्डातल्या बाया, सगळ्यांनी मुद्दाम फोन लावून ऐकलं. जोडताईंनी स्वतः नंबर फिरवून, स्पीकर मोठा करून, घड्याळजींच्या बऱ्या कानाशी धरला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे तर छान बोलतंय. आपल्याला घरी नाही का ठेवता येणार?"

मग एके सकाळी औषधाच्या दुकानदारानं टोकलं. "ताई, काल वीस मिनिटं थांबवलंत. शेवटी लाइनच गेली."

"अहो, मी कुठे? मी निवृत्त झाले. ते मशीन आहे."

"हो, पण तुम्हीच म्हणालात थांबा म्हणून."

जोडताईंनी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली, औषधाची पिशवी दिली, आणि त्या निघताना पुन्हा म्हणाला, "पुढच्या वेळी तेवढं लवकर बघा हं." आता बोला. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात अडवून भांडली, तिच्या सुनेचे रिपोर्ट मिळाले की नाही हे विचारायला तिनं तीनदा फोन केला होता. बँकेच्या रांगेत एक म्हातारे मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." जोडताईंनी सांगितलं, मशीन आहे. मास्तर म्हणाले, "मशीनवर ढकलू नका. चूक झाली तर झाली म्हणावं." पालथ्या घड्यावर पाणी. जोडताई पैसे न काढताच घरी आल्या.

मशीनचं गणित साधं होतं. दाबलेल्या नंबराचा फोन ते वाजवायचं. कुणी उचलला तर ठीक. नाही उचलला तर थोडं संगीत लावायचं, आणि दर चाळीस सेकंदांनी जोडताईंचा आवाज: "थांबा हं, जोडते." पुन्हा संगीत. पुन्हा "थांबा हं, जोडते." फोन उचलणारी सिस्टर चहाला गेलीय की मेलीय, त्याला काय. त्याच्याकडे वही नव्हती आणि वॉचमनही नव्हता. त्याच्याकडे फक्त जोडताईंचा शब्द होता, आणि तो ते दिवसाला शेकडो वेळा द्यायचं आणि एकदाही पाळायचं नाही. जोडताईंना झोंबलं ते हे. लोक चिडले याचं वाईट वाटलंच, पण एकतीस वर्षं ज्या शब्दाला जागलो तोच शब्द आता आपल्याच तोंडानं दिवसभर खोटा पडतोय, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

एके दुपारी त्या साहेबांना भेटायला गेल्या. बाहेरच्या मुलीनं संगणकावरून मान न उचलता सांगितलं, "तक्रार फोनवर नोंदवायची."

"मी इथे उभी आहे की."

"फोनवरच नोंदवायची, मॅडम. इथे नोंद घेता येत नाही."

घरी येऊन त्यांनी फोन लावला. त्यांच्याच आवाजानं त्यांचं स्वागत केलं आणि सांगितलं, तक्रारीसाठी सहा दाबा. त्यांनी सहा दाबलं. संगीत. मग, "थांबा हं, जोडते."

जोडताई थांबल्या. आता हे सांगायला हसू येतं, पण खरंच थांबल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मशीन आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी दर वेळी तो आवाज आला की त्यांना वाटायचं, आता उचलतील, एवढ्या खात्रीनं सांगतेय म्हणजे उचलतील. पंचविसाव्या मिनिटाला त्यांचा तोल गेला. "अगं बये, कुणाला जोडतेस? कुणी आहे का तिथं? आधी बघ तरी."

"थांबा हं, जोडते," बया म्हणाली.

"नाही जोडत तू. पंचवीस मिनिटं झाली. तुला लाज नाही वाटत?"

घड्याळजी आतून आले. "कुणाशी भांडतेयस?"

"माझ्याशी," जोडताई ओरडल्या.

"मग मी मध्ये पडत नाही," म्हणून ते आत गेले.

इथवर सगळं चिडचिडीपुरतं होतं. जोडताई अजूनही कधीतरी हे हसण्यावारी नेत्या. पण त्यांना एक जाकीट उसवून घ्यायचं होतं, आणि ते घेऊन त्या शिंपीदादांच्या दुकानी गेल्या.

शिंपीदादा दोन गल्ल्या सोडून राहत. खाली दुकान, वर घर. जोडताईंचे कपडे पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच. मापाची वही न उघडता कात्री चालवणारा माणूस. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे अर्धं कळायचं, अर्धं समजून घ्यायचं. दुकानाचं फळकूट अर्धं लावलेलं होतं. आत त्यांची बायको, जोडताई त्यांना वहिनी म्हणत, मशीनवर पडदे शिवत बसली होती. शिंपीदादा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे ठेवलेलाच, जसा कुणी दुसऱ्यानं आणून ठेवावा तसा. त्यांची मोठी कात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. ती टांगलेली जोडताईंनी कधी पाहिली नव्हती.

जोडताई दारातच थबकल्या. "वहिनी, हे काय? कधी झालं?"

"सहा आठवडे झाले ताई. या ना, बसा." वहिनींनी पडदे बाजूला सारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दुपारची वेळ. कोटाचं कापड बेतत होते. हातातली कात्री पडली. मी म्हटलं, काय हो, उचला की. बघते तर तोंड वाकडं झालेलं. लगेच हॉस्पिटलला फोन लावला. एक दाबलं. तुम्ही लागलात."

जोडताईंनी जाकिटाची पिशवी खाली ठेवली.

"तुमचा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला बघा. तुम्ही म्हणालात थांबा. मी यांना म्हटलं, आता काळजी नाही, जोडताई आहेत, त्या जोडल्याशिवाय राहायच्या नाहीत. समोरचे टॅक्सीवाले विचारत होते, गाडी काढू का. मी नको म्हटलं. मध्येच निघालो आणि इकडे तुम्ही अँब्युलन्स पाठवलीत तर चुकामूक व्हायची. मध्ये एकदा तुम्हाला विचारलंसुद्धा, ताई, अजून किती वेळ. तुम्ही म्हणालात, थांबा हं."

"किती वेळ थांबलात?"

"पाऊण तास. मग टॅक्सीवाल्यांनीच ऐकलं नाही, उचलूनच नेलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात आला असतात तर हात वाचला असता कदाचित." वहिनींनी दोरा तोडला. "दुसरं कुणी फोनवर असतं ना, तर मी दोन मिनिटांत फोन आपटला असता. पण तुम्ही होतात. आणि तिथं तुमच्यामागे किती गडबड असते, मला कळतं. मी मनात काही धरलेलं नाही ताई."

"वहिनी, ती मी नव्हते. मी कधीच निवृत्त झालेय. ते मशीन होतं, माझा आवाज भरून घेतलेला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. शिंपीदादांनीही पाहिलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "आवाज तुमचाच होता ताई. मी ओळखते ना."

जोडताईंनी जाकिटाची पिशवी तशीच उचलली आणि बाहेर आल्या. रस्त्यात त्यांना रडू आलं नाही. त्यांना राग आला होता, असा की कुणावर काढावा हेच कळेना. तडक हॉस्पिटल गाठलं. साहेबांकडे नाही, आधी कॅज्युअल्टीत. तिथं दोन सिस्टर आणि एक डॉक्टर होते, सगळे आपापल्या कामात. टेबलावर फोन नव्हता.

"तुमचा फोन कुठाय?" जोडताईंनी विचारलं.

सिस्टरनं इकडे तिकडे पाहिलं. "पलीकडच्या खोलीत असेल. रंगकामासाठी टेबलं इकडे हलवली ना."

"कधी?"

"झाले दोन-तीन महिने."

जोडताईंनी पर्समधून मोबाइल काढला, हॉस्पिटलचा नंबर लावला, एक दाबलं, आणि कान देऊन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं फोन ऐकलेला कान तो. कॉरिडॉरच्या टोकाला, कुलूप लावलेल्या दाराआड, फोन वाजत होता. दाराला टेकून रंगाचे डबे आणि एक शिडी. हातातल्या मोबाइलमधून त्यांचाच आवाज आला, "थांबा हं, जोडते."

सिस्टर मागून येऊन उभी राहिली. "अगोबाई. आम्हाला वाटायचं, आजकाल फोन कमी झालेत."

माणूस टेलिफोनच्या बोर्डावर असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. माणूस म्हणजे जोडताईच कशाला, कुणीही. दोन फोन लागले नाहीत की तिसऱ्याला कुणीतरी उठून बघायला गेलं असतं. मशीननं दोन-तीन महिने रिकाम्या खोलीत फोन वाजवला आणि त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याचं काम बरोबर चाललं होतं.

या वेळी बाहेरच्या मुलीनं अडवायच्या आत जोडताई साहेबांच्या खोलीत शिरल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. शिंपीदादांचं सांगितलं, बंद खोलीतल्या फोनचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. फोन हलवण्यासाठी देखभाल विभागाकडे वेगळा अर्ज जावा लागतो, तो जाईल, म्हणाले. आणि अँब्युलन्ससाठी वेगळा नंबर आहेच, बाहेर फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

"फलक हॉस्पिटलच्या बाहेर आहे, साहेब. ज्याला तो वाचता येतो तो आलेलाच असतो."

साहेबांनी हे कानाआड केलं. "माझा आवाज काढून टाका," जोडताई म्हणाल्या.

"आवाज कसा काढणार? तुम्ही सही केलीय. आणि काढायचा कशाला? हे बघा." त्यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर दोन खांब होते, एक बुटका, एक उंच. "आपल्या दुसऱ्या शाखेत हेच मशीन आहे, आवाज दुसऱ्या बाईंचा. तिथं लोक दोन मिनिटांत फोन ठेवून देतात. आपल्याकडे सरासरी सतरा मिनिटं टिकतात. सतरा. हे सगळं तुमच्यामुळे. वरच्या लोकांनी कौतुक केलंय."

जोडताई त्या उंच खांबाकडे बघत राहिल्या. त्यात कुठेतरी वहिनींची पंचेचाळीस मिनिटं होती.

"ते टिकत नाहीत, साहेब," त्या म्हणाल्या. "मी थांबा म्हणते म्हणून थांबतात."

"तेच तर म्हणतोय मी." साहेब हसले. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीचा पोपडा तरी पडतो. "उलट तुम्ही परत या एक दिवस. थोडी नवी वाक्यं भरून घ्यायचीत. जास्त आपुलकीची. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे वगैरे. मानधन देऊ."

नाही म्हणायला जोडताईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाल्या, "कधी येऊ?"

घरी त्यांनी घड्याळजींना सगळं ओरडून सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. "आणि तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"का गं?"

"माझंच तोंड आहे. त्यात काय घालायचं ते एकदा तरी मी ठरवीन."

ठरल्या दिवशी त्या गेल्या. त्यांचा जुना बोर्ड जिथं होता तीच खोली. आता तिथं कागदाची खोकी रचलेली. हेडफोनवाला आधीच येऊन बसला होता. टक्कल तेवढंच, हेडफोन नवा. त्यानं कागद पुढे केला. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्या सेवेत हजर होतील. जोडताईंनी एकामागून एक वाक्यं म्हटली, गोड, स्वच्छ, एक शब्द इकडे तिकडे न करता. शेवटी कॅज्युअल्टीचं आलं. कागदावर होतं, कृपया लाइनवर राहा, आपल्या तब्येतीची आम्हाला काळजी आहे.

जोडताईंनी कागद उलटा ठेवला. आणि त्याच आवाजात, 'हं'वर तशाच टेकून म्हणाल्या, "मी जोडताई नाही हं, मी मशीन आहे. इथे फोन उचलायला कुणी नाही. थांबू नका. मिळेल त्या गाडीनं आत्ता निघा."

हेडफोनवाल्यानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "हे कागदावर नाहीये."

"माहीत आहे. मागच्या वेळचंही नव्हतं."

जोडताईंनी त्याला काही समजावलं नाही. समजावून त्या थकल्या होत्या. मग त्यानं हेडफोन पुन्हा कानावर ओढला आणि पडद्याकडे वळला. "शेवटचा शब्द खाल्लात," तो म्हणाला. "निघा नीट ऐकू यायला पाहिजे. पुन्हा एकदा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"साहेब ऐकणार नाहीत का?" उठताना त्यांनी विचारलं.

"इथलं कुणी इथला नंबर लावत नाही," हेडफोनवाला म्हणाला. त्याच्याकडून त्या दिवशी एवढं ऐकलं, तेच खूप.

ते अकरा दिवस चाललं. अकरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, यावरूनच काय ते समजा. पण त्या अकरा दिवसांत लोक टॅक्सीनं, शेजाऱ्याच्या गाडीनं, कुणी ट्रकनंसुद्धा थेट कॅज्युअल्टीच्या दारात यायला लागले, आणि आल्या आल्या सिस्टरला झापायला लागले की तुम्ही फोन का उचलत नाही. शेवटी सिस्टर कंटाळून स्वतःच देखभालवाल्याकडून किल्ली घेऊन आली आणि फोन उचलून नव्या टेबलावर ठेवला. अर्ज अजूनही कुठल्यातरी टेबलावर पडून असेल. बाराव्या दिवशी साहेबांना कळलं. जोडताईंना कडक पत्र आलं, सह्या-शिक्क्यांचं, आणि मशीनमधून त्यांचा आवाज काढून दुसऱ्या कुणाचा घालण्यात आला. आता लोक दोन मिनिटांत फोन ठेवून देतात. जोडताईंनी ते पत्र घड्याळजींना दाखवलं. ते म्हणाले, "फ्रेम करू का?"

पण त्या अकरातला तिसरा दिवस सांगायचा राहिला. त्या दिवशी जोडताई उसवायचं जाकीट घेऊन पुन्हा शिंपीदादांकडे गेल्या. वहिनी तशाच मशीनवर बसल्या होत्या. शिंपीदादा डाव्या हातानं खडू धरून एका चिंधीवर रेघ मारायचा प्रयत्न करत होते. रेघ वाकडी जात होती, ते पुसून पुन्हा मारत होते.

जोडताई वहिनींशेजारी स्टुलावर बसल्या. मोबाइलवर नंबर लावला, एक दाबलं, आणि फोन वहिनींच्या कानाशी धरला.

वहिनींचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर थांबला. त्यांनी सगळं ऐकलं. ते संपून पुन्हा सुरू झालं, तेही पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. त्यांची नजर खुर्चीकडे गेली, त्या खडू धरलेल्या हाताकडे आणि मग मांडीवरच्या दुसऱ्याकडे. फोन त्यांनी स्वतःच्या हातानं कानापासून दूर केला आणि जोडताईंच्या हातात परत दिला.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे त्या दिवशी म्हणायचं होतं ना."

जोडताई "हो" म्हणाल्या.